एक पातळ, एक परकर आणि औषधांची पिशवी

उन्हाळा लागला की भूमच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टरसाहेब, प्रवास झेपेल का?" चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडाई, पुढेमागे तुळजापूर, मे महिन्यात पुण्याकडच्या लेकीकडे चार दिवस, एखाद्या भाच्याचे लग्न. साठी-सत्तरीतल्या मंडळींचे जाणे-येणे याच दिवसांत सर्वाधिक असते, आणि पाराही याच दिवसांत चाळिशी ओलांडतो. मी सहसा कोणाला जाऊ नका असे म्हणत नाही. सोबत काय नेणार आणि ते उचलणार कोण, एवढे मात्र विचारतो. भूमला रेल्वे नाही. एसटीने जायचे, किंवा बार्शीच्या स्टेशनापर्यंत जाऊन पुढची गाडी पकडायची. एसटीची पायरी उंच, गर्दी दाट, आणि हातातल्या पिशवीचे वजन त्या पायरीवरच खऱ्या अर्थाने कळते.

आरोग्यविषयक पाक्षिकांत ज्यांच्याविषयी सहसा काही लिहिले जात नाही, अशा प्रवाशांविषयी आज लिहायचे आहे. स्त्रियांची वस्त्रे नेसण्याची आवड असलेले वयस्क पुरुष. आपल्यापैकी काही जण इथेच पान उलटतील, याची मला जाणीव आहे. थोडे थांबावे, अशी विनंती करतो. अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात असे जे मोजके गृहस्थ माझ्यासमोर मोकळे झाले, ते सारे कोणाचे तरी पती, वडील, आजोबा होते. इंग्रजीत त्यांना क्रॉसड्रेसर म्हणतात. मराठीत त्यासाठी रुळलेला एकच असा शब्द नाही. ते तृतीयपंथी असतातच असे नाही. बहुतेक जण पुरुष म्हणूनच जगतात, संसार करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. पातळ नेसून तासभर निवांत बसले की त्यांना बरे वाटते, इतकेच.

हा आजार आहे काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या वर्गीकरणात अशा वेषांतराला स्वतंत्र नोंदी होत्या. 2019 साली स्वीकारलेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातून त्या काढून टाकण्यात आल्या. म्हणजे केवळ एवढ्या आवडीवरून कोणाच्या केसपेपरवर रोगाचे नाव लिहिण्यास आज आधार नाही. स्वतःच्या लिंगभावाला अनुसरून वेष करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही 15 एप्रिल 2014 च्या निकालात म्हटले. तो निकाल तृतीयपंथीयांच्या संदर्भातला होता. तरी वस्त्राविषयीचा त्यातला विचार व्यापक आहे, असे मला वाटते.

आणि पुरुषाच्या अंगावरचे लुगडे आपल्या मुलखाला नवे थोडेच आहे? येरमाळ्याच्या यात्रेत भाविक चुनखडी वेचायला जमतात, तेव्हा गळ्यात कवड्यांची माळ आणि हाती परडी घेतलेल्या आराध्यांच्या मेळ्यांत लुगडे नेसलेले पुरुष आपण पाहिले असतील. यल्लमाचे जोगते डोक्यावर जग घेऊन गावोगाव फिरत आले आहेत. भारुडात घरातलेच एखादे पातळ मागून घेऊन गावचा शेतकरी भवानीसमोर उभा राहतो. मराठी रंगभूमीने तर 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून आरंभ केला तो पुरुषांनाच स्त्रीवेष देऊन. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांच्या पातळांची आणि दागिन्यांची तऱ्हा पाहून घरंदाज स्त्रिया तशी नेसू लागल्या. 1913 साली स्थापन झालेल्या त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीचा प्रवास म्हणजे पडदे, पेट्या, शालू, आचारी असा मोठा लवाजमा. पण त्याच नटाने 'एकच प्याला' नाटकातील दारिद्र्याने गांजलेली सिंधूही उभी केली. साध्या लुगड्यातली ती सिंधू प्रेक्षकांना भरजरी शालूतल्या नायिकांइतकीच आठवत राहिली. सामान बांधताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

देवाच्या नावाने किंवा नाटकाच्या निमित्ताने नेसलेले लुगडे आपल्याला खटकत नाही. निमित्तावाचून नेसलेले खटकते. ज्यांच्याजवळ असे निमित्त नसते, त्यांना मग ते लपवावे लागते. लपवलेल्या वस्तूचे शरीरावर काय परिणाम होतात, ते मी एका गृहस्थांच्या बाबतीत जवळून पाहिले. त्यांच्या अनुमतीनेच लिहितो आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय एकाहत्तर. सरकारी नोकरीतून निवृत्त. उच्च रक्तदाब, प्रोस्टेटची वाढ, आणि उजव्या जांघेत हर्निया. वर्षातून दोनदा ते सोलापूरला जाऊन एका लॉजवर तीन-चार दिवस राहत. घरच्यांना वाटे, जुने सहकारी भेटत असतील. प्रत्येक प्रवासानंतर जांघेतली गाठ मोठी होऊन येई. "उचलता काय एवढे?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "पोथ्या असतात, डॉक्टरसाहेब." मुलगा पिशवी घ्यायला पुढे आला तर हे अंगावर धावून जात. शेवटी सूनबाईच एकदा दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "मामा त्या पिशवीला हात लावू देत नाहीत. आत काय आहे, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?" तोवर मला खरेच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट घरच्यांनाही सांगण्याचा अधिकार मला नाही, हे मी त्यांना समजावले.

पुढल्या खेपेस ते गृहस्थ दुपारी, दवाखाना रिकामा असताना, पिशवी घेऊनच आले. बराच वेळ पंख्याकडे पाहत बसले. मग त्यांनी सांगितले. लग्नाआधीपासूनची आवड. पत्नीला पहिल्या वर्षातच कळले होते. ती आधी रडली, मग काही महिने बोलली नाही, आणि मग एके दिवशी तिनेच त्यांच्या मापाचे पोलके शिवून दिले. पुढची चाळीस वर्षे त्यांचे कपडे तिच्या कपाटात, तिच्याच घडीत राहिले. प्रवासात तिच्या पिशवीत. बाईच्या पिशवीतल्या पातळाकडे कोण पाहणार? तीन वर्षांपूर्वी ती गेली. "ती होती तोवर माझ्या पिशवीला वजनच नव्हते," एवढेच ते म्हणाले.

आता त्यांना स्वतःच्या पिशवीत पातळ नेण्यासाठी आडोसा हवा होता. आम्ही ती पिशवी बाळांच्या वजनकाट्यावर ठेवली. साडेअकरा किलो. एकेक वस्तू काढून मोजली. सगळ्यात वर पत्नीच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, जवळजवळ तीन किलो. खालचे दिसू नये म्हणून. तिच्याखाली जाड पुठ्ठ्याच्या दोन पोथ्या. मग एक जुना पितळी डबा, पिशवीत चाचपले तर काहीतरी टणक हाताला लागावे म्हणून. लोखंडी साखळी आणि कुलूप. पाच पातळे, त्यांतील दोन जरीची, कारण कोणते नेसावेसे वाटेल याचा नेम नाही. नायलॉनच्या केसांचा टोप, पुठ्ठ्याच्या खोक्यात. दोन चपलांचे जोड. आणि या साऱ्यात रक्तदाबाच्या गोळ्या मात्र नव्हत्या. त्या घरीच, देवघराच्या फळीवर. ज्या वस्तूंसाठी एवढा खटाटोप, त्यांपैकी एक जॉर्जेटचे पातळ, एक परकर आणि एक पोलके मी वेगळे काढून काट्यावर ठेवले. पाऊण किलोसुद्धा भरले नाही. दहा किलोंहून अधिक केवळ झाकण होते.

हर्नियाविषयी येथेच सांगून टाकतो. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे बाहेर येऊ पाहते. जड उचलणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि लघवीसाठी कुंथणे, या साऱ्यांनी ते वाढते. झोपल्यावर आत जाणारी गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर तो प्रवास तेथेच थांबवून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचे असते. सकाळपर्यंत थांबायचे नसते. एकट्याने, खोटे कारण सांगून, लॉजच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला हीच वेळ सर्वांत घातक. तो हाक मारायला कचरतो.

तर पिशवीत काय असावे? आपल्यापैकी कोणाला ही आवड असेल, किंवा आपण ज्यांची काळजी घेता त्यांना असेल, तर माझे मत असे. चार दिवसांसाठी एक नेसायचे आणि फार तर एक धुऊन वाळत घालायचे. जॉर्जेट किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचे पातळ रात्री धुतले तर सकाळी वाळते आणि इस्त्री मागत नाही. मात्र वैशाखातल्या घामाला सुतीच बरे. नऊवारी नेसता येत असेल तर तिला परकर लागत नाही, आणि रात्री तीच पांघरायला होते. आपल्या आज्या हेच करीत. पोलके पुढून हुकांचे घ्यावे, कारण सत्तरीत खांदा आखडलेला असतो आणि पाठीमागची गाठ एकट्याला बांधता येत नाही. ताणले जाणारे तयार पोलके मिळते. त्यासाठी शिंप्यापुढे उभे राहण्याची गरज नाही. टोपाचे खोके घरी ठेवावे. डोक्यावरून पदर घेतला की टोप लागत नाही, शिवाय त्या नायलॉनखाली घामाने टाळू खाजून फोड येतात, ते टळते. कान टोचलेले नसतील तर चापाच्या कुड्या, चापाची नथ, काडेपेटीत मावतात. बांगड्या काचेच्या नकोत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लहानशी जखमही वाहत राहते, म्हणून दाढी करतानाही एकाच जागी पुन्हापुन्हा खरवडून पाते फिरवू नये. पाते स्वतःचेच असावे. तुरटीचा खडा सोबत असू द्यावा.

त्या गृहस्थांची पिशवी आम्ही अशी पुन्हा भरली तेव्हा पुरुषी कपड्यांच्या दोन जोडांसह आणि औषधांसह ती चार किलोंच्या आत आली. वाकळ ठेवून जायला ते तयार नव्हते. मी आग्रह धरला नाही. फक्त ती लपवायला नको, पांघरायला नेत असाल तर पोथ्या आणि डबा काढा, एवढी अट घातली. त्यांनी थोडा विचार केला आणि वाकळच बाजूला ठेवली.

आता पिशवीपेक्षा महत्त्वाची गोष्ट, ती लघवीची. काही जणांना प्रवासही स्त्रीवेषातच करावासा वाटतो. इच्छा समजू शकतो, पण उतारवयात मी तसे करू नका असे स्पष्ट सांगतो, आणि कारण पूर्णपणे वैद्यकीय आहे. बस स्थानकावर पातळ नेसलेल्या म्हाताऱ्याने कोणत्या स्वच्छतागृहात जायचे? उत्तर सापडत नाही म्हणून तो जात नाही. जावे लागू नये म्हणून पाणी पीत नाही. मराठवाड्याच्या उन्हात पाच-सहा तास पाण्यावाचून, आणि प्रोस्टेट वाढलेले असताना लघवी रोखून. शेवटी लघवी अडते, ओटीपोट टणक होते, वेदना असह्य होतात आणि नळी घालावी लागते. सर्दीच्या काही गोळ्या आणि बस लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या हा त्रास आणखी वाढवतात. तेव्हा प्रवास धोतर-सदऱ्यात किंवा पायजम्यात करावा, वाटेत घोट घोट पाणी प्यावे, दर दोन-तीन तासांनी उतरावे, आणि मुक्कामी पोहोचून, दार लावून, पंखा सुरू करून मग निवांत नेसावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये.

एक गमतीची बाजूही सांगतो. महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले, तेव्हा एका रुग्णाने मला हसत विचारले होते की पातळ नेसून चढलो तर? मी म्हटले, काका, पासष्ट ओलांडल्यावर तुम्हालाही निम्मेच आहे आणि पंचाहत्तरीनंतर फुकट. कंडक्टर आधार कार्ड पाहतो, पदर नाही. आधार कार्ड मात्र जवळ हवेच. लॉजवरही ते दाखवून, त्यावरच्या छायाचित्राशी जुळणाऱ्या वेषातच खोली घ्यावी. प्रश्न कमी उद्भवतात.

नेसण्याविषयी दोन शब्द. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उठल्यावर भोवळ येते. वाकून निऱ्या घालताना आणि ताठ होताना नेमके हेच घडते. पलंगाच्या कडेला बसून, भिंतीचा आधार घेऊन नेसावे. पातळ घोट्याच्या वर असावे. रात्री ते सोडून ठेवून झोपावे, कारण लघवीला उठणारा वृद्ध अंधारात पायघोळ निऱ्यांत अडकला तर खुब्याचे हाड मोडते, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे ही साधी बाब नाही. मधुमेह असेल आणि पायांना बधिरपणा असेल तर जोडवी घालू नयेत, नव्या चपला प्रवासात काढू नयेत. घट्ट पट्टे आणि कमरेला आवळणारी अंतर्वस्त्रे हर्नियाला आणि आम्लपित्ताला दोन्हींना वाईट.

परकराच्या नाडीची गोष्ट तर आपल्या घरातल्या स्त्रियांनीही वाचावी. 1945 साली मुंबईचे विख्यात रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांच्यासह कमरेला घट्ट बांधलेल्या धोतरामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. पुढे साडीच्या बाबतीतही तेच आढळले. 2024 साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी बिहारमधील डॉक्टरांसह अशा दोन वयस्क स्त्रियांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांतील एकीची कमरेची जखम दीड वर्ष बरी होत नव्हती. असे क्वचित घडते, घाबरण्याचे कारण नाही. पण रोज त्याच जागी, तीच बारीक दोरी, घामात आवळली की कातडी काळवंडते, सोलते. नाडी रुंद पट्टीची घ्यावी, गाठीची जागा बदलावी, आणि महिन्याभरात न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवावी. पुरुषांना हे अधिकच सांगायचे, कारण अशी जखम कशाने झाली हे सांगावे लागेल या भीतीने ते ती दाखवतच नाहीत. सांगू नका हवे तर. जखम दाखवा.

टिकल्यांच्या मागच्या डिंकातील एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. खाज सुटली की टिकली बदलून चालत नाही, बंदच करावी लागते. भुकटी, लाली वगैरे नवे काही लावायचे तर आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस पाहावे.

एका बाबतीत मात्र मी सौम्य बोलत नाही. कोणाच्या तरी सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्त्री-संप्रेरकांच्या गोळ्या दुकानातून आणून घेणारे पुरुष आहेत, वयस्कही आहेत. या गोळ्यांनी पायातल्या रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, वय आणि तंबाखू-विडी त्यात भर घालतात, आणि बसमध्ये तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवणे तर आणखीच. ती गुठळी फुप्फुसात गेली की माणूस हाताशी लागत नाही. पिशवीत अशा गोळ्या असतील तर त्या आजच तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवाव्यात.

आता घरच्यांशी. आपण वडिलांची किंवा सासऱ्यांची काळजी घेता, औषधे देता, कपडे धुता. एखाद्या दिवशी ट्रंकेत तळाशी एक पोलके सापडते, घरातल्या कोणाच्याच मापाचे नसलेले. अशा वेळी ते जेथे होते तेथे, तशाच घडीत ठेवून द्यावे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विषय काढू नये. भावकीत फोन करू नये. शक्य असेल तर पुढच्या प्रवासाच्या वेळी एवढेच म्हणावे की पिशवी तुमची तुम्हीच भरा, आम्ही उघडणार नाही, पण उचलू आम्ही. वृद्धांना नेमके एवढेच आश्वासन हवे असते, असा माझा अनुभव आहे. मग साखळी आणि कुलूप आपोआप गळून पडतात.

मात्र एक भेद ओळखावा. आयुष्यभर असलेली, जपलेली आवड वेगळी. आजवर असे काहीच नसताना सत्तरीनंतर अचानक माणूस बायकोचे पातळ गुंडाळून अंगणात येऊ लागला, सोबत विसरभोळेपणा आहे, वेळ-काळ कळत नाही, बोलण्याचा संकोच सुटला आहे, शिवीगाळ होते आहे, तर ती मेंदूच्या आजाराची खूण असू शकते. दोन-चार दिवसांतच असा बदल झाला असेल तर लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम यांची गडबड, एखाद्या औषधाचा परिणामही असू शकतो. त्याला त्वरित उपचार लागतात. आणि तिसरीही एक परिस्थिती असते. पत्नी गेल्यावर तिचे पातळ उशाला घेऊन, अंगाभोवती घेऊन झोपणारे म्हातारे मी पाहिले आहेत. त्यांना काहीही झालेले नसते. ते पातळ धुवायला टाकू नका.

औषधांची पिशवी वेगळी असावी आणि ती हातात असावी, बसच्या डिकीत नाही. जितके दिवस बाहेर, त्याहून तीन दिवसांच्या गोळ्या अधिक. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये; बंद डबीत घालून डबीभोवती ओले फडके गुंडाळावे. चिठ्ठ्यांची एक प्रत, मीठ-साखरेच्या पाण्याची दोन पाकिटे. आणि एका कागदावर नाव, आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी असेल ते, आणि एका माणसाचा फोन. हा माणूस असा निवडावा की मध्यरात्री रुग्णालयातून फोन आला आणि "तुमचे गृहस्थ पातळ नेसलेले आहेत" असे कोणी म्हणाले, तर तो आधी "शुद्धीवर आहेत ना?" असे विचारील.

त्या गृहस्थांची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. दीड महिना काही उचलायचे नव्हते, त्यामुळे खाटेखालची ती पिशवी झाडलोट करताना सूनबाईच सरकवीत. त्यांना मामांनी किती सांगितले आणि त्यांनी आपणहून किती ओळखले, हे मी विचारले नाही. यंदा सोलापूरला जाण्यापूर्वी ते रक्तदाब तपासायला आले तेव्हा सदऱ्याच्या खिशातला कागद मी पाहिला. फोनच्या जागी आधी माझा क्रमांक असे. तो खोडून त्याखाली सुनेचा लिहिला होता.